तळीयेनंतर बौद्धवाडीची जागा : गावठाण, झोन आणि प्लॉटचा नकाशा कसा वाचायचा?

२२ जुलै २०२१ रोजी सायंकाळी महाड तालुक्यातील तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. तीसहून अधिक घरे गाडली गेली, ८० हून अधिक माणसे गेली. त्याच रात्री पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता आणि खाली महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले होते. मदत पोहोचायलाच दुसरा दिवस उजाडला.

हे सगळे आपण तेव्हा वाचले, पाहिले, गाड्या भरून मदतही नेली. पण दरड कोसळल्यावर जो प्रश्न वर्षानुवर्षे शिल्लक राहतो तो जागेचा. नवे घर कुठे? कोणाच्या सातबाऱ्यावर? नव्या नकाशात कोणाचा प्लॉट कुठल्या टोकाला? या प्रश्नांवर आपल्या चळवळीत फार कमी बोलले जाते. मोर्चा काढायचा असेल तर शंभर पोरे येतात. मोजणीच्या दिवशी वाडीत एकही नसतो. म्हणून हा लेख.

महाडला जागेचा प्रश्न नवा नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण पाण्याचा लढा म्हणून शिकतो आणि ते खरेच आहे. पण कोर्टात जो खटला चालला त्यातला मोठा मुद्दा मालकीचा होता : तळे नगरपालिकेचे की सवर्णांच्या खासगी वहिवाटीचे? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, कारण तळे सार्वजनिक होते आणि अनादी काळापासूनची वहिवाट दुसऱ्या बाजूला सिद्ध करता आली नाही. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी तर मंडप घालायला महाडमध्ये जागा मिळेना. शेवटी फत्तेखान या मुस्लीम गृहस्थांनी आपली जागा दिली आणि तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्याच १९३७ साली १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा मात्र १९४९ मध्ये आला. पाणी, परिषद, शेती : तिन्ही ठिकाणी शेवटी विचारले गेले ते हेच, की जमीन कोणाची आणि कागद काय म्हणतो.

आता गावठाणाकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावाच्या वस्तीत कोणती जमीन धरायची हे जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकारी ठरवतो. या हद्दीच्या आत घर बांधायला बिगरशेती परवानगीची कटकट नाही, वाटण्या सोप्या, कर्ज सोपे. कोकणात मात्र वस्ती विखुरलेली. वाडी इथे, वाडी तिथे. कितीतरी गावांत नोंदलेले गावठाण एकतर फार लहान आहे किंवा मुळीच नाही. घरे शेतीच्या सर्व्हे नंबरावर, वरकस जमिनीवर, कधी सरकारी जागेवर उभी आहेत. यात बौद्धवाडी बहुतेक वेळा मूळ गावापासून लांब असते. का, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

या एका रेषेचे परिणाम किती दूर जातात ते पाहा. केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. ड्रोनने मोजणी करून घराची मिळकत पत्रिका द्यायची, अशी योजना. चांगली आहे, पण ती गावठाणातल्या वस्तीसाठी. आपली वाडी गावठाणाबाहेर असेल तर पत्रिका मिळण्याचा हा रस्ता बंद. महसूल संहितेचे कलम ४२-ड सांगते की गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेली आणि प्रादेशिक योजनेत बिगरशेती वापरासाठी दाखवलेली जमीन, ठरलेला कर भरला की, बिगरशेती मानली जाईल. तेही चांगले. पण २०० मीटर कुठून मोजणार? नोंदलेल्या गावठाणापासून. बौद्धवाडी त्या रेषेत नसेल तर आपल्या दारापासून कोणी फूटपट्टी लावत नाही. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना घर मंजूर होते, पण बांधायला स्वतःची जागा लागते. जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची ५०० चौरस फुटांपर्यंत जागा खरेदीला मदत देणारी योजना आहे. मदत आधी ५० हजार होती, आता १ लाख रुपयांपर्यंत आहे. महामार्गालगतच्या गावात एवढ्या पैशात जागा मिळते का, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारून पाहावे.

मग झोन. प्रादेशिक योजनेच्या नकाशात जमिनीला रंग दिलेले असतात : रहिवासी, शेती, वन, औद्योगिक. आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आहे याचा दाखला नगर रचना कार्यालयातून मिळतो. त्याला झोन दाखला म्हणतात. अर्ज कोणीही करू शकतो. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात डोंगराळ जमिनीसाठी एक आकडा आहे तो तोंडपाठ करावा : १ : ५. म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर तिथे बांधकाम नको. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी, एक दोरी आणि टेप घेऊन दोन मुले अर्ध्या तासात चढ मोजू शकतात.

हा आकडा कशासाठी? महाड-पोलादपूरच्या डोंगरात खाली काळा कातळ आणि त्यावर कुजलेल्या खडकाचा, मातीचा जाड थर असतो. पाऊस सतत लागला की पाणी या थरात मुरते, कातळावर अडते, माती जड होते आणि तिची पकड सुटते. त्यात डोंगराचा पायथा कापलेला असेल तर वरच्या मातीला टेकूच राहत नाही. चढावर घर बांधायचे म्हणजे जोत्यासाठी मागची बाजू कापायची आणि निघालेली माती पुढे टाकायची. एका घराने काही होत नसेल. पण चढावरच्या जमिनीचे दोन-दोन गुंठ्यांचे वीस तुकडे केले की वीस जोती कापली जातात, त्यांना जोडणारा रस्ता कापला जातो आणि नैसर्गिक पऱ्या कुठेतरी मातीखाली जातो. जमिनीचे तुकडे कसे पाडायचे हा म्हणूनच नुसता मालकीचा प्रश्न नाही. तुकडा जितका लहान, कापणी तितकी जास्त.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सोडून चालणार नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. लहान तुकड्याचा व्यवहार होऊ नये, असा त्याचा हेतू. पण गरिबाची ऐपतच एका गुंठ्याची असते. ऑगस्ट २०२३ मध्ये शेतजमिनीसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असे किमान क्षेत्र ठरवले गेले. त्याखालचा व्यवहार अडला की लोक काय करतात? नोटरीच्या कागदावर जागा घेतात किंवा दहा जण मिळून एकाच सातबाऱ्यावर नावे लावतात. नावे लागतात, पण कोणाचा हिस्सा कुठला हे कागदावर येत नाही. रस्ता नाही, गटार नाही. पुढे भावकीत भांडण. आमचे मत स्पष्ट आहे : डोंगर कापून फार्महाऊसचे प्लॉट पाडणाऱ्याला आणि राहायला एक गुंठा शोधणाऱ्या मजुराला एकाच तराजूत तोलणे चूक आहे. पण मजुरानेही कागद न पाहता पैसे देऊ नयेत. मंजूर रेखांकन आहे का, बिगरशेती आदेश आहे का, रस्ता नकाशात आहे की फक्त विकणाऱ्याच्या तोंडात आहे, एवढे तरी विचारावे. ४० गुंठे किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती दाखवा म्हणावे. अनेकदा तीच ‘मोकळी जागा’ पऱ्याच्या काठावरची, उताराची, कोणी विकत न घेणारी असते. तिचे ठिकाण पाहिले तरी विकणाऱ्याची नियत कळते.

आपल्यातल्या अनेकांच्या जमिनी मूळच्या वतनाच्या आहेत. बाबासाहेबांनी १९२८ पासून महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात लढा दिला. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. वतन गेले, जमीन परत मिळाली, पण सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असतो, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर नाही. हा शेरा काहींना अडचण वाटतो. पण आज महामार्ग रुंद झाल्यावर दलाल दारात येतात तेव्हा त्यांना थांबवणारा तोच एक शेरा असतो. वाडीचे स्थलांतर होताना अशा जमिनीचे काय होणार, जुनी जागा कोणाच्या नावावर राहणार, शेतीचा हक्क राहणार का, हे तोंडी विचारू नका. लेखी विचारा आणि पोच घ्या.

पुनर्वसनाचा अनुभव काय सांगतो? २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या होत्या. दासगावच्या दरडग्रस्तांनी तात्पुरत्या शेडमध्ये वर्षे काढली. २०१४ साली माळीण, २०२३ साली खालापूरची इर्शाळवाडी. तळीयेत म्हाडाने घरे बांधण्याची जबाबदारी घेतली. घरे होईपर्यंत अनेक कुटुंबांनी पावसाळे कंटेनरच्या खोल्यांत काढले. पहिल्यांदा हातात घेतली गेली ती कोंढाळकरवाडीची घरे. ज्या वाडीवर दरड आली तिला आधी घर, यात वावगे काही नाही. पण त्याच डोंगराखाली राहणाऱ्या, अजून वाचलेल्या वाड्यांची पाळी केव्हा, हे तारखेसह विचारले पाहिजे.

नव्या वसाहतीचा नकाशा ग्रामसभेत येतो तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तो जमिनीवर पसरून पाहावा. पऱ्या कुठून जातो आणि त्याच्या खालच्या बाजूला कोणाचे प्लॉट आहेत? वाडीप्रमाणे गट पाडलेत की चिठ्ठ्या टाकून वाटप आहे? चिठ्ठीत आपल्यातले काही जण नाराज होतात, कारण वाडी विखुरते आणि विहाराभोवतीची माणसे पांगतात. वाडीप्रमाणे वाटले तर बौद्धवाडी पुन्हा टोकाला जाण्याची भीती. आमच्यात यावर एकमत नाही. आमच्यातल्या बहुतेकांचे म्हणणे असे की चिठ्ठ्याच टाकाव्यात आणि विहारासाठीची जागा नकाशात आधी, सामाजिक सुविधेच्या प्लॉटमध्ये, ठरवून घ्यावी. जुने गाव हलताना जुनी अस्पृश्य रेषा नव्या नकाशात उतरवायची असेल तर हललो कशाला? स्मशानभूमी, गुरांचा गोठा, शेतापर्यंतची वाट यांचेही असेच. घर मिळाले आणि शेत पाच किलोमीटरवर राहिले तर म्हातारी माणसे पुन्हा जुन्या वाडीत जाऊन राहतात, अगदी धोक्याच्या पावसातही. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे मागावी, आणि ज्या घरात विधवा किंवा परित्यक्ता वेगळी राहते तिला स्वतंत्र कुटुंब धरले आहे का ते यादीत पाहावे. एकत्र सातबारा आणि एकच रेशनकार्ड या कारणाने तीन भावांना एक घर, असेही घडू शकते.

दरडप्रवण गावांच्या याद्या जिल्हा प्रशासनाकडे असतात आणि त्यांत महाड तालुक्यातली गावे मोठ्या संख्येने आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींचे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावर केले आहेत. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. आपली अख्खी वाडी त्यात एका ठिपक्याएवढी. त्यामुळे नकाशात गाव ‘मध्यम धोका’ रंगात आहे म्हणून वाडी सुरक्षित ठरत नाही. वाडीच्या वर जमिनीला नवी भेग पडली आहे का, झाडे वाकली आहेत का, बारमाही झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले का, हे फक्त तिथे राहणाराच सांगू शकतो. असे काही दिसले तर फोटो तारखेसह काढा, तहसीलदारांना अर्ज द्या, ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंद करून घ्या. पावसाळ्याआधी गावोगावी होणाऱ्या पाहणीच्या वेळी बौद्धवाडीतही पथक आले होते का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते.

आमच्या सूचनेवरून काही तरुण मंडळांनी येत्या महिन्यात आपापल्या वाडीचे सातबारे, आठ-अ, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि गावठाणाचा नकाशा एका फायलीत गोळा करायचे ठरवले आहे. गावठाणाचा नकाशा भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो. नकाशात वाडी सापडली नाही तर कलम १२२ खाली वाडीचा गावठाणात समावेश करावा, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचा आहे. ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोघेही त्याच वाडीतले, शक्यतो महिला असाव्यात.