चोथ्याचा कारागीर

सफरचंद किंवा पेरू चावून खाल्ला, की त्यातली साखर लहान आतड्यातच शोषली जाते. चोथा मात्र न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. जॅम-जेली घट्ट धरणारे पेक्टिन त्यातच असते आणि त्याची साखळी तोडणारे विकर माणसाचे शरीर बनवत नाही. ते काम आतड्यातले जिवाणू करतात. त्यांच्यातला सर्वात तरबेज म्हणून मी ज्याचे नाव घेईन, तो बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमायक्रॉन.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध केला. एवढ्याशा जिवाच्या जनुकसंचाचा केवढा मोठा भाग वनस्पतींच्या शर्करा तोडण्यासाठी राखलेला! ही जनुके गटागटाने राहतात. असे ऐंशीहून अधिक गट, बहुतेक एकेका प्रकारच्या साखळीसाठी. जिवाणूच्या पृष्ठभागावरची विकरे लांब साखळीचे तुकडे करतात. शेजारी प्रथिनांची जोडी असते, झाकणाच्या डब्यासारखी: तुकडा आला की झाकण मिटते आणि तो आत जातो. दोन पडद्यांमधल्या पोकळीत बारीक तोडणी चालते. तिथेच संवेदक प्रथिने आलेला तुकडा ओळखतात आणि त्याला लागणाऱ्या जनुकांचा गट कामाला लावतात.

या यंत्रणेचा खरा कस लागतो तो रॅम्नोगॅलॅक्टुरोनन-दोन या पेक्टिनवर. त्यात तेरा वेगवेगळ्या शर्करा एकवीस प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. वाइन तयार होताना यीस्टलाही ते पचत नाही, म्हणून ते वाइनमध्ये शिल्लक राहते. न्यूकॅसल विद्यापीठातल्या हॅरी गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की हा जिवाणू एक सोडून बाकी सगळे बंध तोडतो. ते उलगडताना तोवर ठाऊक नसलेली विकरांची कुळेही सापडली. इतका गुंतागुंतीचा रेणू एकट्याने सोडवणे ही मला विलक्षण गोष्ट वाटते.

मोडलेल्या शर्करांपासून तो अ‍ॅसिटेट आणि प्रोपिओनेट बनवतो. फीकॅलिबॅक्टेरियमसारखे शेजारी अ‍ॅसिटेट वापरून ब्युटिरेट तयार करतात आणि आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन आहे. म्हणून गाळलेल्या रसापेक्षा अख्खे फळ खावे, असे मी आग्रहाने सांगेन. गॉर्डन यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांच्या आहारातून वनस्पतींच्या या साखळ्या काढून टाकल्या, तेव्हा हा कारागीर उपाशी बसला नाही. तो आतड्याच्या अस्तरावरच्या श्लेष्माकडे वळला आणि त्यातल्या शर्करा तोडून खाऊ लागला.