काळीज पोखरणारे पान

पावसाळा सरताना कल्याणहून मुरबाडकडे निघाले, की भातखाचरांच्या बांधांवर गुडघाभर हिरवे गवत दिसते. म्हशीला याहून चांगला चारा कुठला, असे आपल्याला वाटते. पण पाण्यात उभ्या असलेल्या त्या गवताला टाचणीच्या टोकाएवढे कोष चिकटलेले असू शकतात. ते यकृतकृमीचे कोष. शास्त्रीय नाव फॅसिओला जायगॅन्टिका. पूर्ण वाढलेला कृमी कडुनिंबाच्या पानासारखा चपटा, ३ ते ७ सेंटीमीटर लांब.

त्याची अंडी शेणातून डबक्यात पडतात. अळी गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात आणि बाहेर पडून गवतावर बसतात.

खरे नुकसान पुढे होते. म्हशीच्या पोटात कोष फुटला, की कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात घुसतो आणि कित्येक आठवडे आतला मांसल भाग पोखरत फिरतो. मागे रक्तस्राव, मग वण. शेवटी तो पित्तनलिकांत मुक्काम करून रक्त पितो. नलिका जाड होतात; गायीच्या यकृतात तर चुना साठून सुरीला कचकन लागावे इतक्या कडक. आम्ही कवी जिगर जखमी झाल्याचे ऊठसूट सांगतो. म्हशीला सांगता येत नाही. तिचे दूध आटते, डोळे फिके पडतात, जबड्याखाली पाणी उतरते.

आणखी एक घोटाळा आहे. शेणात अंडी दिसायला ३ ते ४ महिने लागतात. तोवर तपासणीत काही सापडत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. काही औषधे केवळ मोठ्या कृमींवर चालतात, कोवळ्यांवर नाही. म्हणून औषध कुठले, केव्हा आणि त्यानंतर किती दिवस दूध विकायचे नाही, हे पशुवैद्यकालाच विचारावे.

ठाणे-कल्याणच्या तबेल्यातली म्हैस चरायला जात नाही, म्हणून ती सुरक्षित असे मात्र नाही. ओलसर जागेतले गवत भाऱ्याने तिच्यापुढेच येऊन पडते. ते पाण्याच्या वर कापावे. पेंढा कडक उन्हात वाळवावा, कोष सुकून मरतात. शेण नाल्यात न सोडता खड्ड्यात कुजवावे, त्या उष्णतेत अंडी टिकत नाहीत.

दूध पिणाऱ्यांनी घाबरू नये. हा कृमी दुधातून येत नाही. माणसाला तो होतो पाण्यातली भाजी कच्ची खाल्ल्याने.