प्रश्नचिन्हाने सुरू होणारी फाइल

जुनी हार्ड डिस्क किंवा एखाद्या यंत्रासोबत आलेली सीडी चाळताना ‘.एचएलपी’ शेपटाची फाइल हमखास सापडते. सॉफ्टवेअर वापरायचं कसं, ही सगळी माहिती तिच्यातच असते. पण विंडोज १० वर ती उघडायला गेलं, तर हा प्रकार आता चालत नाही, एवढंच कळतं.

‘विनहेल्प’ नावाची ही व्यवस्था १९९० साली विंडोज ३.० बरोबर आली. एफ१ दाबलं की मदतीची खिडकी उघडायची, ती हीच. माहिती लिहिणारा वर्डसारख्या प्रोग्राममध्ये मजकूर तयार करून तो आरटीएफ म्हणून साठवायचा. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला तळटिपा घालायच्या: ‘#’ खुणेच्या तळटिपेत विषयाची ओळख, ‘$’च्या तळटिपेत शीर्षक. एखाद्या शब्दाखाली दुहेरी रेघ ओढून त्याला लागूनच लपवलेल्या अक्षरांत दुसऱ्या विषयाची ओळख लिहिली, की तो शब्द पडद्यावर हिरवा दिसायचा आणि त्यावर क्लिक केलं की तो दुसरा विषय उघडायचा. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा लोकांपर्यंत पोहोचलंही नव्हतं, हे लक्षात घेतलं तर कल्पनेचं कौतुक वाटतं.

मग कंपायलर नावाचा प्रोग्राम हे सगळं एका फाइलमध्ये कोंबायचा. तिच्या पोटात विषय, फाँट, चित्रं अशा छोट्या फायली असतात आणि त्या कुठे आहेत हे सांगणारी अनुक्रमणिकाही. जागा वाचवण्यासाठी वारंवार येणारे शब्दसमूह एकदाच साठवून पुढे फक्त त्यांचे क्रमांक ठेवले जातात. म्हणूनच नोटपॅडमध्ये ही फाइल म्हणजे निव्वळ कचरा दिसतो. हेक्स एडिटरमध्ये मात्र पहिले चार बाइट नीट वाचता येतात: ३एफ, ५एफ, ०३, ००. यातले पहिले दोन म्हणजे प्रश्नचिन्ह आणि अधोरेषा. ते नसतील तर शेपूट तेच असूनही फाइल विनहेल्पची नाही.

ही रचना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली नव्हती. ती बाहेरच्या लोकांनी बाइटन् बाइट तपासून उलगडली. मॅनफ्रेड विंटरहॉफ यांनी तिचं तपशीलवार वर्णन लिहिलं आणि ‘हेल्पडेको’ हा प्रोग्रामही तयार केला. तो एचएलपी फाइल उलटी सोलून मूळ आरटीएफ आणि चित्रं परत देतो.

विनहेल्प बंद करण्यामागे कारण होतं. या फायलींमधले मॅक्रो संगणकावरचे दुसरे प्रोग्राम चालवू शकत, म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल धोक्याचीच. व्हिस्टापासून विनहेल्प विंडोजसोबत येणं थांबलं. ८.१ पर्यंत ते वेगळं उतरवून घेता येई, १० साठी तीही सोय झाली नाही. धोक्याचं कारण पटतं. पण मॅक्रो वगळून नुसता मजकूर दाखवणारा प्रोग्राम १० साठीही देता आला असता, तो दिला नाही, हे खटकतं.

तुमच्याकडे अशी फाइल असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी चालवा, किंवा लिनक्सवर ‘वाइन’ हा प्रोग्राम वापरा. त्यात विनहेल्पचा स्वतंत्रपणे लिहिलेला पर्याय आहे. विनहेल्पनंतर १९९७ मध्ये आलेल्या ‘.सीएचएम’ या मदतीच्या फाइलचं दुखणं वेगळं. इंटरनेटवरून घेतलेली ती फाइल उघडते, पण पान कोरं दिसतं. खात्रीची असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा, नाहीतर ‘सेव्हन-झिप’ने आतली पानं काढा.

मजकूर हाती आला की लगेच पीडीएफ करून ठेवा, आणि मूळ फाइल मात्र टाकून देऊ नका.