बिळात कोण राहणार, हे जमीन ठरवते

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यात शेतीमुळे बिळातले प्राणी संपतात, असे सरसकट म्हणता येत नाही. जमीन कशी वापरली जाते, त्यावर कोण वाढणार आणि कोण हटणार हे ठरते. भाताच्या बांधावर ताज्या मातीचा ढीग दिसला की आत उंदीर आहे, हे शेतकरी ओळखतो. हा काळपट उंदीर बिळाचे तोंड मातीने बुजवून आत राहतो आणि लोंब्या कुरतडून बिळात साठवतो. कातकरी बिळे खणून तेच भात काढत आले आहेत. एकपिकी शेतीत कापणीनंतर पुढच्या पावसापर्यंत उंदराच्या खाण्याची ओढाताण व्हायची. रोह्यात डोलवहाळच्या कालव्यांवर उन्हाळी भात आले आणि तो खंड भरून निघाला. जेमतेम तीन आठवड्यांत विणारी आणि एका वेळी सहा-आठ पिले देणारी मादी अशी संधी सोडत नाही.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नेमके उलटे घडते. नाचणी-वरी घेऊन काही वर्षे ही जमीन पड ठेवत. त्या विश्रांतीत वारुळे टिकत, करवंदीच्या जाळ्या दाटत, आणि साळिंदराला, खवले मांजराला बिळाजोगी माती मिळे. आज तोच उतार फार्महाऊससाठी किंवा मुरमासाठी जेसीबीने सपाट होतो. वाळवी-मुंग्यांवर जगणारी खवले मांजराची मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते. गेलेली संख्या तिला भरून काढता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिची शिकार रोखतो, पण खासगी जमिनीवरचे वारूळ सपाट व्हायचे ते होतेच.

यावर शेतकरी विचारेल, आमच्या नुकसानीचे काय? प्रश्न रास्त आहे. साळिंदर कंद उकरते. खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीला उंदराने भोक पाडले तर खांड जाऊन उधाणाचे पाणी शेतात शिरते. उंदीर आवरलाच पाहिजे. पण एकट्याने टाकलेल्या विषाने शेजारच्या बांधावरचा उंदीर मरत नाही, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड-कोल्हा मात्र दगावू शकतो. त्यापेक्षा भात पोटरीत येण्याआधी साऱ्या गावाने एकाच वेळी बिळे खणावीत, शेतातले आतले बांध अरुंद ठेवावेत आणि उन्हाळी लावणी एकाच सुमारास उरकावी. वरकस विकण्याचा मालकाचा हक्कही मान्य. तरी वारुळांचा पट्टा राखून घर बांधता येते. चिपळूणजवळच्या डुगवे गावाने २०२० मध्ये खवले मांजरासाठी ‘खवलोत्सव’ साजरा केला. पेण-रोह्यातल्या ग्रामसभांनीही हा विषय आता हाती घ्यावा. सपाट झालेला उतार पुन्हा उभा करता येत नाही.