अक्षरांचे वळण

अक्षर म्हणजे केवळ ध्वनीची खूण नव्हे. समाजाचा तो चेहराच होय. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तरी फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीतच छापले गेले. देशी लिपीचे खिळे पाडण्याची त्याची इच्छा अपुरी राहिली. पेडणे-डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेली. पण घराघरांतून मराठी पोथ्या वाचल्या जातच राहिल्या.

आज खिळ्यांची वाण नाही. मात्र संगणकावरील पुष्कळ टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वळण निश्चित केले. पाकळीचा ‘ल’ मुलांच्या नजरेसच पडला नाही, तर हाती कोठून उतरणार? म्हणून पाटी वा लग्नपत्रिका करविताना वाचकांनी अक्षराचे वळणही अवश्य पारखावे.