बांधावरची निलगिरी आणि कडेची ज्वारी

बांधावर निलगिरी असली की लगतच्या ओळींतली ज्वारी खुरटते, हे आमच्या बार्शीकडे कुणालाही विचारा. शेजारचे तात्या म्हणतात, "झाड इख सोडतंय." तात्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजून घेतल्याशिवाय कुणी कुऱ्हाडीला हात घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

सर्दी झाली की आपण निलगिरीचं तेल हुंगतो. त्यातला मुख्य घटक सिनिओल. पानात फिनॉलिक आम्लंही असतात. पडलेल्या पाल्यावर पाऊस झाला की त्यातली विरघळणारी द्रव्यं मातीत उतरतात आणि कोवळ्या मुळाची वाढ रोखतात. खरा मार बसतो तो उगवत्या दाण्याला; हातभर झालेलं रोप सहसा तरून जातं. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली या प्रकाराला 'अ‍ॅलेलोपॅथी' असं नाव दिलं. सुबाभळीच्या पानातलं मिमोसिन याच जातकुळीतलं. आणि आपली ज्वारी तरी कुठे मागे आहे? तिच्या मुळांतून सोर्गोलिऑन पाझरतं, ते आसपासचं तण दाबतं. ज्वारीचा बेवड पुढच्या पिकाला जड जातो, त्यातही अशा द्रव्यांचा वाटा असतो.

घरी पडताळून बघा. मूठभर वाळका पाला रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या. एका ताटलीत त्या पाण्याने भिजवलेल्या फडक्यावर ज्वारीचे दाणे पसरा, दुसरीत साध्या पाण्याच्या. चार दिवसांनी मुळं मोजा.

पण ताटली म्हणजे शेत नव्हे. जिवंत मातीत जिवाणू ही द्रव्यं खाऊन टाकतात, चिकणमाती ती धरून ठेवते, मोठा पाऊस त्यांना पातळ करतो. शिवाय झाडाची सावली पडते आणि मुळं ओल ओढतात. हलक्या, कोरडवाहू रानात ही ओढ पाल्यापेक्षा भारी पडते. खात्री करायची तर बांधालगत दोन फूट खोल चर खणून झाडाची मुळं तोडा. कडेच्या ओळी सुधारल्या, तर दोष पाण्याच्या ओढीचा.

उभी झाडं घाईने पाडू नका. पेरणीआधी पाला गोळा करून खड्ड्यात शेणाबरोबर कुजवा. कुजला की त्याचा जाच उरत नाही. नवा बांध घालणार असाल तर मात्र निलगिरी नकोच. गिरिपुष्प लावा. त्याचा पाला लवकर कुजतो आणि रानाला नत्र देतो.