खेळाच्या मैदानावरील मुलांची सुरक्षितता

मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोड हा रस्ता आता कामगारांचे नेते ना. म. जोशी यांच्या नावाने ओळखला जातो. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये आदी उपक्रम चालविले. याच मार्गावर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ३२ चाळी उभारल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि खोलीचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस फूट. एवढ्या जागेत आख्खे कुटुंब नांदत असता मुलांनी खेळावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर दोन चाळींमधील मोकळ्या पट्टीने दिले. लगोरी, लंगडी, क्रिकेट सारे तेथेच. तेथे झोपाळा नव्हता, घसरगुंडी नव्हती. पण गॅलरीत उभ्या असलेल्या मावशी-काकूंची नजर मात्र अखंड होती.

या चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत हाती घेण्यात आला आहे. उंच इमारतींतील रहिवाशांच्या मुलांसाठी आखीव उद्याने व खेळाची साधने येतात, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र वीस-बावीस मजल्यांवरून खालचे मूल दिसत नाही. शेजाऱ्यांची नजर जी कामगिरी विनामूल्य बजावीत होती, ती यापुढे आखणी, देखभाल आणि तपासणी यांनी बजवावी लागणार आहे.

ही कामगिरी चुकली तर काय घडते, याचे दुःखद उदाहरण डिलाईल रोडपासून काही किलोमीटरवरील वडाळा येथे मार्च २०२४ मध्ये घडले. महानगरपालिकेच्या महर्षी कर्वे उद्यानातील पाण्याच्या टाकीत पडून चार व पाच वर्षे वयाच्या दोन भावंडांचा मृत्यू झाला. टाकीच्या तोंडावर पक्क्या झाकणाऐवजी प्लास्टिकचे आच्छादन होते, असे वृत्तपत्रांनी नमूद केले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. येथे दोष कोणत्याही खेळाच्या साधनाचा नव्हता, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. उद्यानाची पाहणी करणारे अधिकारी झोपाळ्याची साखळी पाहतात. पंपघर, टाकी, गटाराचे झाकण व विजेची पेटी पाहण्याचे राहून जाते. लहान मुलाच्या दृष्टीने मात्र कुंपणाच्या आतील सर्वच जागा खेळाची असते.

साधनांपासून होणाऱ्या दुखापतींचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पडणे. दोन मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर असतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो यावर इजा अवलंबून असते. काँक्रीटवर हे अंतर अत्यल्प, सैल वाळूत काही सेंटिमीटर. थांबण्याचे अंतर दहापट वाढले, तर शरीरावरील सरासरी आघात दहापट घटतो. म्हणूनच साधन किती भक्कम आहे याइतकेच त्याखाली काय आहे हे पाहणे अगत्याचे ठरते. अनेक ठिकाणी नेमक्या झोपाळ्याखालीच सिमेंटचे ठोकळे बसविलेले आढळतात. ते झाडावयास सोपे जातात, एवढाच त्यांचा गुण!

अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने १९८१ मध्ये याविषयीची मार्गदर्शिका प्रथम प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये सुट्या भुसभुशीत थराची जाडी साधारण ३० सेंटिमीटर असावी आणि साधनाभोवती सुमारे १८० सेंटिमीटर जागा मोकळी असावी, अशी शिफारस आहे. झोपाळ्यासाठी पुढे व मागे याहून अधिक जागा लागते. ग्रामपंचायतीस वा शाळेस परदेशी रबरी फरशी परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु वाळू परवडते. अडचण वाळूच्या निगेची आहे. जेथे मुलांचे पाय टेकतात, म्हणजे झोपाळ्याखाली व घसरगुंडीच्या शेवटी, तेथूनच ती बाजूला सरते. पावसाळ्यात ती वाहून जाते किंवा दबून घट्ट होते. आठवड्यातून एकदा दंताळे फिरविणे हे काम शाळेच्या शिपायाच्या कामाच्या यादीत लिहूनच द्यावे.

लोखंडी साधनांचा खांब जमिनीला टेकतो तेथे प्रथम गंजतो. वरून लावलेला नवा रंग हा गंज झाकतो, यास्तव पावसाळ्यानंतर त्या जागी हातोडी ठोकून पाहावी. कठड्याच्या दोन गजांमधील अंतर ९ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा २३ सेंटिमीटरपेक्षा अधिक असावे. या दोहोंच्या मधल्या फटीतून लहान मुलाचे अंग निसटते, डोके मात्र अडकते. ओढणी किंवा गळ्यातील दोरी अडकून फास बसण्याचा धोका असल्याने घसरगुंडीवर चढण्यापूर्वी ती काढून ठेवण्याची सवय शिक्षकांनी लावावी. पत्र्याची घसरगुंडी उन्हात भाजते; ती झाडाच्या सावलीत बसवावी. मोडलेले साधन दोरीने बांधून ‘वापरू नये’ अशी पाटी लावण्याचा प्रघात आहे. ज्यांच्यासाठी ती पाटी असते त्यांच्यापैकी निम्म्यांना अद्याप वाचता येत नसते. असे साधन त्याच दिवशी उतरवावे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील अनुसूचीने शाळेस क्रीडांगण आणि आवारभिंत किंवा कुंपण ही दोन्ही आवश्यक मानली आहेत. ग्रामीण भागात कुंपणाबाहेर आणखी एक धोका असतो, तो म्हणजे सोडून दिलेल्या कूपनलिकांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार कूपनलिका खोदण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी जिल्हाधिकारी, सरपंच आदी संबंधितांना लेखी कळविणे, खोदकामाभोवती काटेरी तारेचे कुंपण घालणे, नळीच्या तोंडावर पोलादी झाकण बसविणे आणि निरुपयोगी कूपनलिका तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू वा खडीने भरून टाकणे बंधनकारक आहे. गावातील अशा कूपनलिकांची यादी ग्रामसभेत वाचून दाखविण्यास कोणत्याही अनुदानाची प्रतीक्षा करावी लागत नाही.